आवडत्या व्हिडिओ गेम्सची क्रमवारी: पहिला क्रमांक कोणत्या निकषावर द्यावा?

सावकाश_खेळणारा

नमस्कार. आवडत्या व्हिडिओ गेम्सची क्रमवारी लावायचे काम मी बऱ्याचदा हाती घेऊन अर्धवट सोडले आहे. या वेळी ते तडीस नेले, परंतु पहिल्या दोन जागांवर घोडे अडले, म्हणून येथे विचारतो आहे.

यादी करताना मी स्वतःपुरते तीन नियम ठरवले होते. एका मालिकेतला एकच खेळ घ्यायचा. जो खेळ मी स्वतः खेळलो नाही, केवळ दुसऱ्या कोणाला खेळताना पाहिला, तो कितीही नावाजलेला असला तरी घ्यायचा नाही. आणि एखाद्या खेळाचे इतिहासातले स्थान हे त्याला वरचा क्रमांक देण्याचे कारण होऊ द्यायचे नाही, कारण तसे केले की यादी माझी राहत नाही, सर्वांचीच होते. दहा नावे भरलीच पाहिजेत असा हट्ट धरला नाही. सात झाली, तेथे थांबलो.

१. आउटर वाइल्ड्स (२०१९)
२. टेट्रिस
३. डार्क सोल्स (२०११)
४. पोर्टल (२००७)
५. सुपर मेट्रॉइड (१९९४)
६. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (२०१८)
७. एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९)

खालच्या नावांबद्दल फारसा संभ्रम नाही. सुपर मेट्रॉइड यादीत आहे तो मुख्यतः एका प्रसंगामुळे. तुम्ही एका खोल विहिरीसारख्या जागेत उतरता, वर जायला वाट दिसत नाही, आणि तेथे तीन लहान प्राणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उड्या मारत वर जाताना दिसतात. कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही. तुम्ही त्यांच्याकडे पाहता, त्यांच्यासारखे करून बघता, आणि जी उडी तुमच्या पात्राला पहिल्या मिनिटापासून मारता येत होती ती तुम्हाला आता मारता येऊ लागते. खेळाने खेळाडूला शिकवावे कसे, याचा याहून चांगला नमुना मला अजून सापडलेला नाही.

अडचण आहे ती वरच्या दोघांची. आउटर वाइल्ड्समध्ये साधारण २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळी ग्रहमाला त्यात संपते आणि खेळ जेथून सुरू झाला त्याच शेकोटीपाशी तुम्ही पुन्हा जागे होता. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत तुमच्यासोबत येते ती फक्त माहिती, आणि म्हणूनच सगळे उलगडल्यावर तो खेळ पुन्हा त्याच रीतीने खेळता येत नाही. टेट्रिसचे नेमके उलटे आहे: त्यात कळण्यासारखे जे काही आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळते, आणि तरीही तो कधी पुरा होत नाही. जो एकदाच खेळता येतो आणि जो रोज खेळता येतो, अशा दोघांना एकाच शिडीवर उभे करताना तुम्ही काय मोजता? त्यावर घालवलेले तास, पहिल्या वेळेचा ठसा, की आणखी काही? यादीवर आक्षेप असतील तर तेही अवश्य नोंदवावेत.


मधली_फळी

तासांचा निकष मी सर्वांत आधी बाद करेन, कारण खेळावर किती तास गेले यावरून खेळाची बांधणी कळते, त्याची योग्यता कळत नाही. पोर्टल तीन-चार तासांत पुरा होतो. एज ऑफ एम्पायर्समध्ये चुरशीचा एकच डाव तासभर सहज चालतो. शिवाय हल्लीचे कित्येक खेळ तर रोज हजेरी लावणाऱ्याला बक्षिसे देऊन तास वाढवण्यासाठीच बेतलेले असतात, तेव्हा तास मोजू लागलो तर क्रमवारीत वर जातील ते खेळ आपल्याला आवडणारे नसतील, केवळ सोडता न येणारे असतील.

माझा निकष असा आहे: कथा, चित्रे आणि संगीत क्षणभर बाजूला ठेवून, खेळाच्या नियमांनीच मला वेगळा विचार करायला भाग पाडले असे क्षण त्यात किती आणि कोणत्या दर्जाचे होते? पोर्टलमध्ये तुम्ही भिंतींवर वा जमिनीवर दोन जोडदारे उघडता, त्यांनाच पोर्टल म्हणतात; एकातून आत शिरले की दुसऱ्यातून बाहेर पडता. एका ठिकाणी उंच कठड्यावरून खाली जमिनीवरच्या पोर्टलमध्ये उडी मारायची असते. दुसरे पोर्टल समोरच्या भिंतीत असल्यामुळे खाली पडण्याचा सगळा वेग बाहेर येताना आडवा होतो आणि तुम्ही दरी ओलांडून पलीकडे फेकले जाता. वेग टिकून राहतो हे खेळ तुम्हाला शब्दांतही सांगतो, पण प्रत्यक्ष उडी मारेपर्यंत ते पटत नाही, आणि एकदा पटले की पुढच्या प्रत्येक खोलीत छत, जमीन आणि भिंत यांच्याकडे तुम्ही निराळ्या नजरेने पाहू लागता. एका साध्या नियमातून इतके काढणारा खेळ चौथ्या क्रमांकावर का, हे आपण लिहिलेले नाही. लहान आहे म्हणून असेल, तर ते मला न्याय्य वाटत नाही.

आउटर वाइल्ड्स मात्र पहिलाच राहावा. त्यात दार उघडणारी किल्ली नाही, वाढत जाणारे शस्त्र नाही, पात्राची पातळी नाही. सुरुवातीला मिळणारा उड्डाणाचा संकेतांक सोडला, तर सर्व जाणणाऱ्या खेळाडूला थेट शेवटापर्यंत जाण्यापासून अडवणारे काहीही नाही. अडथळा असतो तो फक्त आपल्या अज्ञानाचा. माहितीलाच किल्ली करण्याची कल्पना इतरांनीही वापरली आहे, परंतु अख्खा खेळ तिच्यावर तोलून धरण्याचे धाडस फार थोड्यांनी केले.


तिरकी_चाल

आपल्या यादीत सहा खेळांपुढे वर्ष आहे आणि टेट्रिसपुढे नाही, हे मला सूचक वाटले. टेट्रिस हा एक खेळ नसून अनेक खेळांचे घराणे आहे, आणि आपल्याच पहिल्या नियमानुसार त्यातला एक निवडायचा असेल तर कोणता, हे सांगितले पाहिजे. अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी मॉस्कोत इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर बनवलेल्या मूळ खेळात चित्रे काढण्याची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले जात. १९८९ साली गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राबरोबर आलेला टेट्रिस वेगळा, त्याच वर्षी निन्टेन्डोच्या एनईएस या घरगुती कन्सोलवर आलेला वेगळा, आणि आज फोनवर वा कन्सोलवर मिळणारा त्याहून वेगळा.

हा फरक केवळ दिसण्याचा नाही. आजच्या बहुतेक अधिकृत आवृत्त्यांत सात प्रकारचे ठोकळे सातच्या गटाने येतात. गटातला प्रत्येक ठोकळा एकेकदा येऊन गेल्याशिवाय पुढचा गट सुरू होत नाही, त्यामुळे चार ओळी एकदम उडवणाऱ्या सरळ लांब ठोकळ्याची वाट पाहताना मध्ये जास्तीत जास्त बारा ठोकळे येऊ शकतात. त्या हिशेबावर खेळाडू पुढचे बेत आखू शकतो. एनईएसच्या आवृत्तीत अशी कोणतीही हमी नाही. तेथे वीस-पंचवीस ठोकळे उलटून जातात, लांब ठोकळा येत नाही, आणि उजवीकडची विहीर, म्हणजे लांब ठोकळ्यासाठी मोकळा ठेवलेला उभा रकाना, तोंड उघडी ठेवून बसायचे की ती बुजवून जीव वाचवायचा, हा निर्णय प्रत्येक ठोकळ्यागणिक अधिक महाग होत जातो. पहिला खेळ नियोजनाचा आहे, दुसरा धोका पत्करण्याचा. दोघांना एकाच नावाखाली दुसरा क्रमांक देणे मला पटत नाही.

आणि टेट्रिसमधले सगळे पाच मिनिटांत कळते हे तर मुळीच मान्य नाही. एनईएसवर २९व्या लेव्हलला ठोकळा दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र बदलते तितक्या वेळा, एक घर खाली उतरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे साठ घरे, आणि पटाची उंची आहे वीस घरांची. बटण दाबून धरले तर ठोकळा कडेपर्यंत सरकण्याआधीच खाली टेकतो. त्यामुळे पुष्कळ वर्षे हाच खेळाचा शेवट समजला जात असे. पुढे काही खेळाडूंनी बटण धरून ठेवण्याऐवजी अंगठा थरथरवत ते झपाट्याने दाबायला सुरुवात केली. त्यानंतर आणखी एक पद्धत निघाली: अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे एकामागून एक कंट्रोलरच्या पाठीवर वाजवायची, म्हणजे बटण अंगठ्याने दाबले न जाता कंट्रोलरच अंगठ्यावर आपटतो. या पद्धतीने डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाने १५७व्या लेव्हलपर्यंत मजल मारली आणि तेथे खेळच गोठला. १९८९ सालचा खेळ, आणि त्याच्याशी वागण्याची रीत तीस वर्षांनंतरही नव्याने सापडत होती.


जुनी_फ्लॉपी

यादी वाचली आणि प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९) त्यात नाही याचे नवल वाटले. इतिहासातल्या स्थानासाठी तो घ्यावा असे मी म्हणत नाही, कारण आपला तिसरा नियम मला पूर्णपणे मान्य आहे. पण त्या खेळातल्या एका पात्रासाठी मी त्याला माझ्या यादीत पहिला क्रमांक देतो, आणि वर मधली_फळी यांनी मांडलेल्या निकषावरही तो उतरतो असे माझे मत आहे.

चौथ्या लेव्हलमध्ये वाटेत एक आरसा उभा राहतो. पलीकडे जायचे तर धावत येऊन आरशातूनच उडी मारावी लागते. त्या क्षणी तुमची सावली आरशाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून निघून जाते आणि तुमची जीवनशक्ती घसरून एका ठिपक्यावर येते. पुढच्या लेव्हलमध्ये हीच सावली तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या वाट्याचे औषध पिऊन टाकते. त्यानंतरच्या लेव्हलमध्ये ती तुमच्यासमोर दार बंद करून तुम्हाला खाली पाडते. शेवटी जेव्हा ती तलवार उपसून समोर येते तेव्हा प्रत्येक खेळाडू साहजिकच लढू लागतो, आणि तिला घातलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो आहे हे त्याच्या लक्षात येते. मार्ग एकच: तलवार म्यान करायची आणि तिच्या दिशेने चालत जायचे. दोघे एक होतात. आधीच्या साऱ्या लेव्हल्सनी तलवार उपसण्याची जी सवय लावली, तीच येथे सोडावी लागते, आणि हे सांगणारा एक शब्दही पडद्यावर येत नाही.

याची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना आणि उड्या मारताना चित्रित करून त्या हालचाली एकेक चौकटीने ॲपल २ संगणकावर उतरवल्या होत्या. हालचाल त्यामुळे जिवंत झाली, पण त्या चित्रांनी संगणकाची स्मृती इतकी खाल्ली की आणखी एखादे पात्र घालायला जागा उरली नाही. तेव्हा नायकाचीच चित्रे किंचित सरकवून स्वतःवरच उलटी रंगवण्याची युक्ती वापरली गेली आणि त्यातून ती चमचमणारी सावली निघाली. स्मृती भरपूर असती तर कदाचित तेथे दाढीवाला एक साधा पहारेकरी उभा राहिला असता.

६० मिनिटांची मर्यादा हा मात्र त्या खेळाचा जाच आहे. आजच्या कोणाला खेळायला सांगताना मी हे आधीच सांगतो.


अर्धवट_नकाशा

तिसऱ्या क्रमांकाबद्दल लिहितो, कारण मूळ प्रश्नात ज्याचा उल्लेख नाही असा एक पेच डार्क सोल्समुळे उभा राहतो. एखाद्या खेळाचा अर्धा भाग असामान्य आणि उरलेला अर्धा सुमार असेल, तर त्याला गुण द्यायचे कसे?

पहिला भाग असामान्य आहे यात वाद नसावा. फायरलिंक श्राइन या तुमच्या मुख्य ठाण्यापासून निघून तुम्ही वर चढत जाता, अनडेड बर्गच्या गल्ल्यांतून मरत-मारत अनडेड पॅरिशच्या चर्चपर्यंत पोहोचता, आणि तोपर्यंत आपण घरापासून फार दूर आलो आहोत अशी तुमची खात्री झालेली असते. तेथे एक लिफ्ट सापडते. ती खाली जाऊ लागते, बराच वेळ जातच राहते, आणि थांबल्यावर समोर दिसते ते फायरलिंक श्राइन. ज्या रस्त्याला इतका जीव गेला तो एका लिफ्टने मिटवून टाकला, आणि त्याच क्षणी सगळा नकाशा डोक्यात उभा राहिला. खेळात पडद्यावर नकाशा नाही तो याचसाठी. विसाव्याच्या एका शेकोटीवरून दुसऱ्या शेकोटीवर क्षणात जाण्याची सोयदेखील लॉर्डव्हेसल ही वस्तू मिळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्ध्या खेळापर्यंत दिलेली नाही, त्यामुळे तोवर प्रत्येक पाऊल चालावेच लागते आणि प्रत्येक आडवाटेला मोल राहते.

त्यानंतर लॉस्ट इझालिथ हा प्रदेश येतो. डोळ्यांना खुपणाऱ्या लाव्हाच्या मैदानात एकाच जातीचे राक्षस ठोकळ्यांसारखे मांडून ठेवलेले आहेत, आणि शेवटच्या शत्रूशी होणारी झुंज कौशल्यापेक्षा नशिबावर अधिक चालते. सरासरी काढली तर हा खेळ यादीत बराच खाली जाईल. मी सरासरी काढत नाही. ती लिफ्ट मला दुसऱ्या कोणत्याही खेळाने दिलेली नाही, आणि लॉस्ट इझालिथसारखा कंटाळा मात्र अनेकांनी दिला आहे. जे एकाच ठिकाणी मिळते त्याचे वजन जास्त धरावे, असे माझे मत. म्हणून मी त्याला तिसऱ्याऐवजी पहिल्या दोघांत बसवेन. ज्यांना नियमितपणा महत्त्वाचा वाटतो त्यांनी पोर्टल वर घ्यावा. त्यात टाकाऊ असे जवळपास काहीच नाही.


सावकाश_खेळणारा

सर्वांचे आभार. इतक्या तपशिलात उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

तिरकी_चाल, मी खेळतो तो आजचा टेट्रिस, सातच्या गटांचा. आपण केलेला नियोजन आणि धोका हा भेद मला फार उपयोगी पडला, कारण मला त्या खेळात नेमके जे आवडते ते नियोजनच आहे: पुढचे ठोकळे समोर दिसत असताना पट सपाट ठेवत नेणे. एनईएसची आवृत्ती मी खेळलेली नाही, त्यामुळे तिच्या वतीने क्रमांक मागता येणार नाही. जुनी_फ्लॉपी, प्रिन्स ऑफ पर्शियाही दुसऱ्या नियमात अडकतो. तो मी दुसऱ्यांच्या खांद्यावरून पुष्कळ पाहिला, स्वतःच्या हाताने आरशाच्या पलीकडे कधी गेलो नाही. सावलीबद्दल वाचल्यावर मात्र हा नियम थोडा जाचक वाटू लागला आहे.

अर्धवट_नकाशा यांचा मुद्दा मी स्वीकारतो आणि डार्क सोल्स दुसऱ्या क्रमांकावर आणतो. त्याच हिशेबाने ओब्रा डिन सुपर मेट्रॉइडच्या वर सरकतो. ओब्रा डिन या जहाजावरच्या साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव आणि गत ठरवायची असते, आणि तीन जणांबद्दलचे तर्क अचूक जुळल्याशिवाय खेळ पुष्टी देत नाही, त्यामुळे अंदाजपंचे काम फार काळ चालत नाही. झोपायच्या झोळ्यांवर क्रमांक लिहिलेले आहेत आणि ते खलाशांच्या यादीतल्या क्रमांकांशी जुळतात, हे ज्या क्षणी ध्यानात येते त्या क्षणी आधी पाहिलेली सगळी दृश्ये पुन्हा एकदा पाहावी लागतात. ते क्रमांक सुरुवातीपासून समोरच होते.

पोर्टल चौथाच राहील. लहान असल्याचा आकस मुळीच नाही. पण त्यात पुढची पायरी कोणती हे नेहमी खेळ ठरवतो, मी नाही. खोलीमागून खोली येते आणि प्रत्येक खोलीला एक उत्तर असते. आउटर वाइल्ड्समध्ये कोणत्या ग्रहावर आधी जायचे इथपासून सगळे माझ्यावर सोपवलेले आहे, त्यामुळे तेथे लागलेला शोध माझा वाटतो. पहिला क्रमांक त्याचाच ठेवतो. पुन्हा खेळता येत नाही ही त्याची उणीव मानायची की नाही यावर बराच विचार केला, पण पुन्हा खेळता येण्यासाठी त्यातले काय काढून टाकावे लागेल असे स्वतःला विचारले, तेव्हा जे काढावे लागेल तेच मला आवडते असे दिसले. एरवी तो नव्याने खेळणाऱ्या मित्राच्या शेजारी, तोंड मिटून बसण्याची सोय आहेच, आणि तोंड मिटून बसणे हे त्यातले कठीण काम आहे.

तेव्हा सुधारित क्रम असा: आउटर वाइल्ड्स, डार्क सोल्स, टेट्रिस, पोर्टल, ओब्रा डिन, सुपर मेट्रॉइड, एज ऑफ एम्पायर्स २. शेवटच्या नावावर कोणी काहीच बोलले नाही, म्हणजे तो तेथे बरोबर बसला आहे असे धरून चालतो.


तिरकी_चाल

सरासरी सोडून खेळातला सर्वोत्तम क्षण मोजायचे ठरवल्यावर टेट्रिस खाली घसरणारच होता. त्यात सांगण्यासारखा प्रसंग नसतो, लिफ्ट नसते, झोळ्यांवरचे क्रमांक नसतात. चांगला खेळलेला डाव डाव संपल्यावर आठवतसुद्धा नाही. तो निकषाचा दोष आहे असे मी धरतो, पण यादी आपली आहे.

एनईएसची आवृत्ती मात्र खेळून पाहावी आणि ती शून्यापासून सुरू करू नये, कारण सुरुवातीच्या लेव्हल्स फार संथ आहेत. लेव्हल निवडण्याच्या पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबले की निवडलेल्या आकड्यात दहा मिळवले जातात. म्हणजे ८ वर जाऊन तसे केले की खेळ १८व्या लेव्हलपासून सुरू होतो. तेथून १३० ओळी उडवल्यावर १९वी लेव्हल येते आणि एक घर उतरायला ठोकळ्याला तीन फ्रेम लागत होत्या त्या दोनवर येतात. तेथवर पोहोचल्यावर तिसरा क्रमांक कायम ठेवायचा का, ते येथेच कळवावे.